सापडलेले सारेच आपले नव्हे



ऑगस्ट 2016 मध्ये महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल कोसळला, तेव्हा वाहून गेलेल्या एसटी गाड्या शोधण्यासाठी क्रेनला बांधलेले 300 किलोचे लोहचुंबक पात्रात सोडले होते. चुंबकाला केवळ लोखंड कळते; हौशी मंडळींच्या हातातील मेटल डिटेक्टर सोन्या-चांदीचीही चाहूल देतो. सुटीत तो हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, ओल्या खाऱ्या वाळूत यंत्र उगाच वाजते. तेथे संवेदनशीलता कमी करावी व ग्राउंड बॅलन्स त्याच वाळूवर साधावा.

परंतु सापडलेला धातू कोणाचा, हे कोणतेच यंत्र सांगत नाही. भूमीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. रायगडासारख्या संरक्षित स्थळी तर खोदूच नये.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ ग्रंथात ठेवलेले, पडलेले वा विसरलेले परधन न घेणे, यालाच अचौर्याणुव्रत म्हटले आहे. वाळूतील अंगठी हे असेच पडलेले धन होय. गिऱ्हाइकाकडून चुकून जास्त आलेली नोट आपण पेढीवरून परत करतो. अंगठीलाही तोच न्याय लावावा. मालक न मिळाल्यास ती पोलीस ठाण्यात जमा करावी. शोधाचा आनंद तेवढा आपला.