फुटलेल्या चळवळीची किंमत

सुदानचे लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ म्हणजेच ‘आरएसएफ’ हे निमलष्करी दल १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये एकमेकांवर तुटून पडले. जुन्या बंडखोर संघटनांना तेव्हा बाजू निवडणे भाग पडले. ‘सुदान पीपल्स लिबरेशन मूव्हमेंट-नॉर्थ’ ही त्यांतली एक मोठी संघटना. तिचे दोन गट दोन दिशांना गेले, कारण ती सहा वर्षांपूर्वीच दुभंगली होती.

दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या मुक्तीसाठी लढलेले नुबा टेकड्या आणि ब्लू नाईल प्रांतातले सैनिक मात्र सीमेच्या उत्तरेला, खार्टूमच्याच अमलाखाली राहिले. त्याच वर्षी तेथे पुन्हा युद्ध पेटले. लष्कराच्या अँटोनोव्ह विमानांची घरघर ऐकू आली की माणसे डोंगरातल्या गुहा गाठत. घराशेजारी, शाळेशेजारी खणलेल्या खड्ड्यांत मुले उड्या टाकत. हे सारे सोसून टिकलेली एकी २०१७ मध्ये मोडली. संघटनेचे उपाध्यक्ष अब्देलअझीझ अल-हिलू यांना नुबा टेकड्यांसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागायचा होता. अध्यक्ष मलिक अगार आणि सरचिटणीस यासिर अरमान त्यासाठी अडून बसायला तयार नव्हते. नुबा टेकड्यांतले बळ हिलूंकडे गेले, ब्लू नाईलमधले सैनिक दोन्हीकडे वाटले गेले.

अगार यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये खार्टूम सरकारबरोबरच्या जुबा शांतता करारावर सही केली आणि पुढे ते देशाचा कारभार पाहणाऱ्या सार्वभौम परिषदेत दाखल झाले. २०२१ च्या लष्करी उठावानंतरही त्यांनी खुर्ची सोडली नाही. अरमान पुढच्या वर्षी त्यांच्यापासून वेगळे झाले. युद्ध सुरू होऊन महिना उलटताच लष्करप्रमुख जनरल बुऱ्हान यांनी आरएसएफचे प्रमुख हेमेदती यांना परिषदेच्या उपाध्यक्षपदावरून काढले आणि त्या जागी अगार यांना बसवले.

हिलूंचा प्रवास अधिक वळणांचा आहे. जून २०२३ मध्ये त्यांनी नुबा टेकड्यांतल्या कडुगली परिसरातील लष्करी ठाण्यांवर हल्ले चढवले. जानेवारी २०२४ मध्ये मात्र आरएसएफ तिथल्याच डिलिंग शहरावर चालून आले, तेव्हा हिलूंचे सैनिक लष्कराच्या बरोबरीने लढल्याच्या बातम्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये नैरोबीत त्यांनी त्याच आरएसएफशी हातमिळवणी केली आणि जुलैत आरएसएफच्या समांतर सरकारात ते हेमेदती यांच्या खालोखालच्या पदावर बसले. धर्मनिरपेक्ष राज्यघटनेचे वचन मिळाल्याचे त्यांचे समर्थन आहे. ही मागणी जुनी आणि प्रामाणिक आहे. पण वचन देणारे दल २०२३ मध्ये डार्फुरमधल्या अल-जनिनात मसालित समाजाचे शिरकाण करणारे आहे, आणि हिलूंचे वडील त्याच समाजातले. ज्या लष्कराने नुबांवर बॉम्ब टाकले, त्याच्या पंक्तीला अगार बसले. दोघांनीही दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याचा मार्ग धरला. चळवळ एकसंध असती, तर तिला दोन्ही सेनापतींपासून दूर राहून स्वतःच्या अटी मांडता आल्या असत्या.

या फुटीची झळ नुबा टेकड्यांना बसली. धान्य आणि औषधे पोहोचवण्याच्या वाटाघाटी २०२४ मध्ये फिसकटल्या. डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिम नुबा टेकड्यांत, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये वेढ्यातल्या कडुगलीत दुष्काळ जाहीर झाला. अगार आणि हिलू दोघेही सत्तेच्या दुसऱ्या पायरीवर आहेत. कडुगली आणि डिलिंगचे रस्ते अन्नासाठी खुले ठेवण्याचा आग्रह त्यांनी आपापल्या जोडीदारांपुढे आताच धरला पाहिजे.