फुटलेला कागद आणि संपादकाचे दायित्व

१८८२ सालच्या जुलै महिन्यात ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक बाळ गंगाधर टिळक यांना चार महिन्यांची कैद होऊन त्यांची रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात झाली, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, परंतु ज्या कारणाने ती शिक्षा झाली त्याचा विचार आपल्याकडे जितक्या बारकाईने व्हावयास हवा होता तितका झालेला नाही. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी वदंता पुण्यात पसरली होती. तिला आधार म्हणून बर्व्यांची म्हणविली जाणारी काही गुप्त पत्रे पुढे आली आणि त्यांवर विसंबून या दोन तरुण संपादकांनी कारभाऱ्यांवर प्रखर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, पत्रे बनावट ठरली, आणि संपादकांनी दिलगिरी व्यक्त करूनही शिक्षा टळली नाही. त्यांचा हेतू निर्मळ होता, आणि पुढे १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात महाराजांचा जो करुण अंत झाला तो पाहता त्यांची चिंताही अनाठायी नव्हती. तथापि ज्या कागदावर त्यांनी भार टाकला होता तो कागदच खोटा होता, आणि महाराजांची बाजू त्यामुळे बळकट होण्याऐवजी दुबळी झाली.

या जुन्या खटल्याची आठवण करण्याचे कारण असे की, सरकारी दप्तरातील एखादा गोपनीय कागद फुटून वृत्तपत्रात छापून आला म्हणजे आपल्याकडील सारी चर्चा तो कागद चोरीचा की नाही, या एकाच मुद्द्याभोवती घोटाळत राहते. माझ्या मते हा मुद्दा गौण आहे. सरकारचा कागद हा अखेर प्रजेच्या कामासाठी, प्रजेच्या खर्चाने लिहिला गेलेला कागद असतो, आणि तो दडविण्याचा अधिकार सरकारला प्रजेच्याच हितासाठी दिलेला असतो. त्या अधिकाराचा उपयोग प्रजेची दिशाभूल करण्यासाठी झाला असेल, तर कागद छापणे हे संपादकाचे कर्तव्यच होय. मात्र ते कर्तव्य पत्करताना दप्तराच्या रक्षणाचा जो भार तोवर सरकारवर होता, तो त्या क्षणापुरता संपादकाच्या शिरावर येतो, याची जाणीव त्याने ठेविली पाहिजे.

सरकारने मारलेला गोपनीयतेचा शिक्का हाच या बाबतीतील निर्णय मानावा, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या कायद्याच्या जन्माकडे पाहावे. काश्मीरचे महाराज प्रतापसिंह यांचे अधिकार इंग्रजांनी १८८९ साली काढून घेतले तेव्हा, या कारवाईचे खरे कारण महाराजांचा कारभार नसून गिलगिटची सरहद्द होय, असे दाखविणारे परराष्ट्र खात्याचे एक टिपण कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने छापले. त्यातील काही मजकूर खरा असल्याचे मान्य करून उरलेला बनावट असल्याचे व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांनी कायदेमंडळात सांगितले, आणि त्याच वर्षी सरकारी गुपितांचा पहिला कायदा हिंदुस्थानात लागू झाला. कर्झनसाहेबांच्या अमदानीत १९०४ साली तो अधिक कडक झाला आणि १९२३ साली त्याला जे स्वरूप आले तेच, थोड्याफार दुरुस्त्यांनिशी, स्वतंत्र भारतात आजतागायत चालू आहे. ज्या कायद्याचा उगम एका परकीय सत्तेच्या अडचणीत आहे, आणि ज्याच्या पाचव्या कलमान्वये गोपनीय कागद देणाऱ्याबरोबर तो जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो, तो कायदा कोणता कागद राष्ट्राच्या हिताचा आणि कोणता केवळ अधिकाऱ्यांच्या सोयीचा, हे ठरविण्यास अपुरा आहे. २००२ साली काश्मिरी पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना याच कायद्याखाली अटक झाली. त्यांच्या संगणकातील जो मजकूर गुप्त लष्करी माहिती म्हणून पुढे करण्यात आला तो आधीच प्रसिद्ध झालेला होता, आणि तरीही त्यांना तिहारच्या तुरुंगात सात महिने काढावे लागले.

परंतु म्हणून गोपनीयता ही केवळ सत्तेची ढाल आहे, असे समजणे अन्यायाचे होईल. मंत्रालयात एखादे प्रकरण कसे चालते हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हे पटण्यास वेळ लागणार नाही. कक्ष अधिकारी टिपण मांडतो, अवर सचिव त्यात भर घालतो, उपसचिव कधी त्याच्या नेमके उलट मत नोंदवितो, वित्त विभाग हरकत घेतो, आणि अखेरीस सचिवांच्या सहीखाली मंत्र्यांचा दोन ओळींचा शेरा येतो. या पानांवर जो मतभेद दिसतो तोच राज्यकारभाराचा प्राण होय. वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध लेखी मत देणारा अधिकारी, आपले टिपण उद्या नावानिशी वर्तमानपत्रात झळकेल या भयाने जर टेलिफोनवर बोलून कागद कोरा ठेवू लागला, तर नुकसान सरकारचे होईलच, पण त्याहून अधिक पुढील काळात सत्य शोधू इच्छिणाऱ्या नागरिकाचे होईल. कारण जे लिहिलेच गेले नाही ते कोणत्याही कायद्याने मागता येत नाही.

तेव्हा मसलतीतील मतभेद उघडे पाडण्यासाठी कागद छापू नये. छापावा तो सरकारचे जाहीर बोलणे आणि त्याचे स्वतःचे दप्तर यांत विसंगती आढळते तेव्हा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा व्हिएतनामविषयीचा गुप्त अहवाल १९७१ च्या जूनमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापावयास घेतला, तो या कसोटीला पूर्णपणे उतरणारा होता. ४७ खंडांच्या आणि सुमारे ७,००० पानांच्या त्या अहवालातून असे दिसून आले की, एकामागून एक आलेली सरकारे युद्धाविषयी लोकांना जे सांगत होती ते त्यांच्याच कचेऱ्यांतील जाणत्यांना खरे वाटत नव्हते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी प्रसिद्धीला मुभा दिली, आणि त्या निकालाचा गौरव आपण नेहमी करतो. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती डॅनियल एल्सबर्ग या गृहस्थाने, कागद हाती असताना, केलेली निवड. वाटाघाटींच्या इतिहासाचे चार खंड त्याने वृत्तपत्रांना दिलेच नाहीत, कारण चालू असलेल्या शांततेच्या बोलण्यांना त्यांनी अपाय होईल असे त्याला वाटत होते. आपले सरकार खोटे बोलत आहे अशी ज्याची खात्री झाली होती, त्याच माणसाने त्याच सरकारच्या एका गुपिताचे रक्षण केले. याच्या उलट उदाहरण विकिलीक्सचे. २०१० साली निरनिराळ्या देशांतील वृत्तपत्रांनी अमेरिकी वकिलातींचे खलिते नावे गाळून छापले होते. पुढल्याच वर्षी अडीच लाखांवर खलिते नावांसकट उघडे करण्यात आले, आणि वकिलातींशी विश्वासाने बोललेल्या सामान्य माणसांची नावे जगापुढे आली. त्याचे समर्थन मला करता येत नाही.

आपल्याकडील अलीकडचे प्रकरण राफेल विमानांचे. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘द हिंदू’ने संरक्षण मंत्रालयाचे नोव्हेंबर २०१५ मधील एक टिपण छापले; पंतप्रधान कार्यालयाने चालविलेल्या समांतर बोलण्यांमुळे आपल्या वाटाघाटी करणाऱ्या पथकाची बाजू दुर्बळ होते, असा आक्षेप त्यात होता. हे टिपण लोकांपुढे येणे मला आवश्यक वाटते. परंतु त्याच टिपणावर तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचा, हा आक्षेप अवाजवी दिसतो अशा आशयाचा, हस्तलिखित शेरा होता, आणि छापलेल्या चित्रात तो आला नव्हता. संपूर्ण पान त्याच दिवशी दुसऱ्या मार्गाने बाहेर पडले. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की, आक्षेपात तथ्य होते काय, यापेक्षा शेरा का गाळला, यावरच वाद रंगला. त्या शेऱ्याने मूळ आक्षेप खोडला जात नव्हता. उलट तो मंत्र्यांपर्यंत पोहोचला होता हेच त्यावरून सिद्ध होत होते. फुटलेल्या कागदाचा जेवढा भाग हाती आहे तेवढाच छापावयाचा असेल, तर त्याच्या खाली आणखी काही लिहिलेले असू शकते, हे वाचकाला ठळकपणे सांगणे हे संपादकाचे काम आहे.

पुढे राफेल खरेदीविषयीच्या निकालाच्या पुनर्विचारासाठी आलेल्या अर्जांच्या सुनावणीत केंद्र सरकारने हे कागद चोरीचे म्हणून न्यायालयाने पाहू नयेत अशी हरकत घेतली, आणि १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ती एकमताने फेटाळली. माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यात, प्रकटीकरणातील लोकहित हानीहून वरचढ ठरल्यास गोपनीय माहितीही देता येईल, असे जे कलम आहे त्याचाही आधार त्या निकालात घेतला गेला. नोव्हेंबरात पुनर्विचाराचे अर्ज नामंजूर झाले ही गोष्ट खरी. पण कागद पाहून ते नामंजूर झाले, न पाहता नव्हे, आणि हा फरक लहान नाही.

या साऱ्या वादात ज्याचा उल्लेख सहसा होत नाही तो मनुष्य म्हणजे कागद बाहेर आणून देणारा. संपादकाच्या पाठीशी वाचक असतात, वकील असतात, व्यवसायाची प्रतिष्ठा असते. त्या नोकराच्या पाठीशी कोणी नसते, आणि बारनिशीतील नोंद, प्रतींची संख्या, सहीची तारीख यांवरून त्याचा माग काढणे कचेरीला अवघड जात नाही. एल्सबर्गला ११५ वर्षांच्या कैदेची भीती होती, आणि तो सुटला तो सरकारने त्याच्याविरुद्ध केलेली गैरकृत्ये उघडकीस आल्यामुळे. म्हणून कागद हुबेहूब छापण्याच्या मोहापूर्वी, त्यावरील कोणत्या खुणेने कोण ओळखला जाईल, हे संपादकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. हे काम उपसंपादकावर सोपविण्याचे नव्हे. आपल्या संसदेने अशा माणसांच्या संरक्षणासाठी २०१४ साली कायदा केला, त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि तो अंमलात आणण्याची अधिसूचना मात्र वर्षानुवर्षे निघाली नाही. ती उद्या निघाली तरी तो कायदा केवळ सक्षम अधिकाऱ्याकडे तक्रार करणाऱ्याचे रक्षण करतो. वृत्तपत्राच्या दारात येणाऱ्याला त्यात जागा नाही. १९२३ चा कायदा रद्द करावा, असे वीरप्पा मोईली यांच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ सालीच सुचविले होते. ती शिफारस उचलून धरताना, लोकहितासाठी कागद उघड केला हा बचाव न्यायालयापुढे मांडण्याची मुभा संपादकाबरोबर त्या कारकुनालाही मिळावी, एवढी मागणी मराठी वृत्तपत्रांनी आणि पत्रकार संघांनी एकमुखाने केली पाहिजे.