हातोडा ठेकेदाराचा, भुर्दंड कोणाचा?

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. आजच्या शहरी मध्यमवर्गीयाच्या वाट्याला घर बांधण्याचा योग क्वचितच येतो. त्याची खरी परीक्षा होते ती घराच्या दुरुस्तीत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतील सदनिका, गळणारे न्हाणीघर आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले लाख-दीड लाख रुपये, एवढ्या भांडवलावर एखादा शिक्षक वा कारकून ठेकेदाराला पाचारण करतो. जुनी फरशी उखडताना गवंड्याची छिन्नी खालच्या कोब्यात नको तितकी खोल जाते, भिंतीतल्या पाइपाला तडा जातो, आणि आठवड्याभरात खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येते. ठेकेदार म्हणतो, 'इमारतच जुनी आहे.' शेजारी म्हणतो, 'पाणी तुमच्याच घरातून येते.' काम अर्धवट, पैसे बहुतेक दिलेले, आणि हाती कागदाचा एक चिटोराही नाही!

अशा वेळी आपल्या समाजात दोनच प्रतिक्रिया आढळतात. एक तर नशिबाला बोल लावून माणूस गप्प बसतो, किंवा संतापाच्या भरात दारात आलेल्या मजुरांची मजुरी अडवून पोलीस चौकीची वाट धरतो. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. हेतुपुरस्सर केलेली नासधूस वेगळी. निष्काळजीपणाने झालेले नुकसान हा सामान्यतः दिवाणी स्वरूपाचा वाद असतो. आणि ठेकेदाराच्या चुकीसाठी बिगाऱ्याच्या घरची चूल विझवणे, हा न्याय नव्हे.

न्यायाचा मार्ग उपलब्ध आहे. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याचे ७३ वे कलम सांगते की, करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारी हानी करार मोडणाऱ्याने भरून द्यावी. मजुराच्या हातून चूक झाली, एवढे म्हणून ठेकेदाराला हात झटकता येत नाहीत. कारण काम नीट करून देण्याचा शब्द त्याचा असतो. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहबांधणी ही 'सेवा' ठरवली आणि तिच्यातील उणीव ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, वकिलावाचूनही दाद मागता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्कही पडत नाही. मात्र रोजंदारीवर गवंडी लावून सारे काम स्वतःच्याच हुकुमाखाली करवून घेतले असेल, तर हा 'वैयक्तिक सेवेचा करार' होता, असा आक्षेप येऊ शकतो. आणि असे करार या कायद्याने वगळले आहेत.

परंतु कायदा पुराव्याच्या पायावर उभा राहतो, आणि नेमका तोच पाया आपण घालत नाही. नुकसान दिसताच पहिले काम पाणी वा वीज बंद करण्याचे. हानी आटोक्यात ठेवण्याची साधने हाताशी होती की नाही, हेही भरपाई ठरवताना पाहिले जावे, असे त्याच ७३ व्या कलमाचे स्पष्टीकरण आहे. दुसरे काम तारखेसह छायाचित्रे घेण्याचे. तिसरे, ठेकेदाराला लेखी कळवून पाहणीसाठी व दुरुस्तीसाठी ठराविक मुदत देण्याचे. तो आला नाही, तर त्रयस्थ अभियंत्याकडून नुकसानीचे कारण व खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा. मगच दुसऱ्याच्या हाती काम सोपवावे. घाईने नवी फरशी बसवली की पुरावाही तिच्याखालीच पुरला जातो.

याहून शहाणपणाचे म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच एक साधा कागद करणे. कोणते काम, कोणता माल, किती दिवस, कोणत्या टप्प्याला किती रक्कम आणि मोडतोड झाल्यास जबाबदारी कोणाची, एवढे त्यात असले तरी पुरे. न्हाणीघरात पाणी दोन दिवस साठवून खाली ओल येत नाही, याची खात्री झाल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये, हेही त्यातच लिहावे. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी.

यावर ठरलेले उत्तर मिळते: 'ओळखीचा माणूस आहे, कागद कसा मागायचा?' आमच्या मते सारा अनर्थ या संकोचात दडलेला आहे. विद्यार्थ्याची गुणपत्रिका लिहून देणारे शिक्षक आणि टाचणीचीही नोंद ठेवणारे कारकून स्वतःच्या आयुष्याची पुंजी मात्र तोंडी शब्दावर सोपवतात! कागद म्हणजे अविश्वास, ही समजूतच मुळात चुकीची आहे. प्रत्येक नुकसान ठेकेदाराच्याच माथी मारणेही न्याय्य नसते. भिंतीतला गंजलेला पाइप हात लागताच फुटतो, घरमालक मध्येच बेत बदलतो. कामाआधीची स्थिती दोघांनी मिळून नोंदवली असेल, तर तो कागद प्रामाणिक ठेकेदाराचेही तितकेच रक्षण करील.

ओळख टिकावी, असे ज्याला मनापासून वाटते, त्याने व्यवहार लिहूनच करावा. तोंडी शब्दावर चाललेला स्नेह पहिल्या गळतीबरोबर वाहून जातो, हा अनुभव आपल्या प्रत्येक इमारतीत एखादे तरी कुटुंब घेऊन बसलेले आहे.