जुम्याची गोळी

दोन वर्षांपूर्वी वुजू करताना मोरीत पाय घसरला आणि अम्मींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मनगट मोडलं. जिन्यावरून पडल्या नव्हत्या, उभ्या जागी पडल्या होत्या. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं, म्हणजे हाडांची तपासणी करायला हवी. डेक्सा स्कॅन झाला. टी-स्कोअर उणे 2.9 आला. तो उणे 2.5 किंवा त्याच्याही खाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. आठवड्याला 70 मिलिग्रॅमची अ‍ॅलेन्ड्रोनेटची एक गोळी, ड जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट आणि रोज कॅल्शियम, अशी चिठ्ठी घेऊन आम्ही घरी आलो.

चिठ्ठी मीच वाचली. वर्गात "सूचना नीट वाचा" असं दिवसातून दहा वेळा सांगणारी मी! गोळीही आठवड्यातून एकदा, पाकीटही आठवड्यातून एकदा. म्हटलं, जुमा काही अम्मी विसरायच्या नाहीत, दोन्ही जुम्यालाच देऊ. पाकीट दुधात घोळायचं आणि त्याच दुधाबरोबर गोळी. फजरनंतर अम्मी ते घेत आणि पुन्हा जरा आडव्या होत.

याहून चुकीचं मला ठरवूनही करता आलं नसतं.

वर्षानं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "गोळी कशी घेता?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग अम्मी हळूच म्हणाल्या, "चार महीने से तो लीच नहीं. छाती में जलता था." मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "तू शाळेतून दमून येतेस, बेटा." गोळ्या त्यांच्या पेटीत, दुपट्ट्याच्या घडीत निघाल्या.

डॉक्टरांनी जे समजावलं ते लिहिते, कारण आपल्या किती घरांत एकाच स्टीलच्या डब्यात सगळ्यांच्या गोळ्या असतात, हे मला माहीत आहे. हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. जुनं हाड झिजवणाऱ्या पेशी आणि नवं भरणाऱ्या पेशी, दोघींचं काम जन्मभर चालू असतं. पाळी बंद झाल्यावर झिजवण्याचं काम पुढे जातं. ही गोळी त्या झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. पण तिचा शंभरातला एक भागही रक्तात उतरत नाही, आणि तोही पोट रिकामं असेल तेव्हाच. दुधातलं कॅल्शियम तिला पकडून ठेवतं. नुसत्या कॉफीनं किंवा संत्र्याच्या रसानंसुद्धा तिचं शोषण साठ टक्क्यांनी कमी होतं. शिवाय गोळी घेऊन आडवं झालं तर ती अन्ननलिकेत रेंगाळते आणि तिथलं अस्तर भाजून काढते. अम्मींच्या छातीतली जळजळ ती हीच.

आधी ती जळजळ पूर्ण थांबू दिली आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून नव्यानं सुरुवात केली. आता जुम्याला आधी फजरची नमाज होते, कारण गोळीनंतर रुकू-सजद्याचं वाकणंही नको. मग मोठा ग्लासभर साधं पाणी आणि गोळी, न चघळता. पुढचा अर्धा तास ताठ बसून तसबीह. चहा त्यानंतर, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. ड जीवनसत्त्वाचं पाकीट सोमवारवर ढकललं. जुमा चुकलाच तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी, एका दिवशी दोन कधीच नाही. डब्यावर मी उर्दूत ठळक लिहिलं, 'निहार मुँह, सादा पानी'. चिठ्ठी इंग्रजीत होती, अम्मींना वाचता येते ती उर्दू. हे आधी सुचायला हवं होतं.

रमजानचं आम्ही आधीच विचारून घेतलं. त्या दिवशी अम्मी सहरीच्या अर्धा तास आधी उठतात, गोळी घेतात, बसून राहतात आणि मग जेवतात. कॅल्शियम इफ्तारनंतर. तुमच्या घरी मूत्रपिंडाचा किंवा गिळण्याचा त्रास असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. ज्यांना अर्धा तास बसवत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषधही असतं.

दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना या गोळीचं आधी सांगायचं, कारण क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं तर "म्हातारपण" म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि गोळी जन्मभराची नसते. साधारण पाच वर्षांनी डॉक्टर पुन्हा तपासून थांबवायची की नाही ते ठरवतात. आपल्या मनानं बंद करायची नाही, हे अम्मींना सांगताना डॉक्टर माझ्याकडेही बघत होते.

अर्धा तास मोजायचं काम धाकट्याकडे दिलं होतं. तो दहा मिनिटं आधीच "हो गया दादी" म्हणायचा, कारण बिस्किटं चहाबरोबरच निघतात. आता घड्याळ अम्मींच्या समोर असतं.