टिटवीची अंडी मोजू नका, कवच बघा



उन्हाळ्यात रानात टिटवीची अंडी दिसली की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला : किती हायेत? चार असली तर चार महिने पाऊस. पण टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, साल दुष्काळाचं असो नाहीतर सुकाळाचं. शिकायचंच असेल तर त्या अंड्याच्या कवचाकडून शिकावं, असं माझं मत आहे.

धामण, सरडा, घोरपड यांची अंडी मऊ, चामड्यासारखी असतात. ती भोवतीच्या मातीतला ओलावा शोषून फुगतात; माती फारच कोरडी पडली तर सुकून जातात. म्हणून ती बिळात, वारुळात, पालापाचोळ्याखाली सापडतात. टिटवीचं अंडं मात्र उघड्या ढेकळांत, भर उन्हात. पिल्लाला लागणारं सगळं पाणी आईनं आतच भरून दिलेलं. वरचं चुन्याचं कवच ते पाणी लवकर उडू देत नाही, जंतूंना अडवतं, उबवणाऱ्या पाखराचं वजन पेलतं. बारीक छिद्रांतून हवा तेवढी खेळते. घरातल्या पालीचं अंडंही कडकच, म्हणून तर ते फोटोमागं कोरड्या जागी टिकतं.

कडक कवच सुरुवातीपासून नव्हतं. २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार सुरुवातीच्या डायनासोरांची अंडी मऊ होती; कडक कवच त्यांच्यात पुढं किमान तीन वेळा वेगवेगळं तयार झालं. ते फुकट मिळत नाही, आईच्या अंगातलं कॅल्शियम त्यात जातं. कोंबडीला शिंपल्याचा चुरा का घालतो, ते यावरून कळावं.

आता आपल्या कामाचं. कवच उन्हाला पुरून उरतं, रोटाव्हेटरला नाही. मशागतीत अंडी दिसली तर चार काड्या रोवून तेवढा तुकडा सोडा. साधारण महिन्याभरात पिल्लं निघून चालायला लागतात. आणि मऊ अंड्यांना ओलाव्याचा, सावलीचा बांध लागतो. बांध पेटवला, जेसीबीनं कोरून काढला, तर धामण अंडी घालणार कुठं? मग उंदीर वाढले म्हणून औषधाला पैसे घालायचे!

कमी पावसाच्या आपल्या जिल्ह्यात ओल धरणारा झुडपाळ बांध म्हणजे पडीक जागा नव्हे. माझ्या मते तो पिकाच्या राखणदाराचं घर आहे. तुमच्या बांधावर काय काय दिसतं, खाली लिहा.