गाडी काय म्हणते?

जुनी मोटार गॅरेजात नेऊन 'आवाज येतो' एवढेच सांगणारा मालक हा वैद्यापुढे बसून 'दुखते' एवढेच म्हणणाऱ्या रोग्यासारखा असतो. वास्तविक मराठी माणसाला शब्दांची टंचाई नाही. टिकटिक, ठकठक, किरकिर, खडखड असे किती तरी नादानुकारी शब्द आपल्या भाषेत आहेत. ते इथे कामास लावावेत.

इंजिनाच्या माथ्यावरून हलकी, एकसारखी टिकटिक आली तर ती बहुधा टॅपेटची. किरकिर बहुधा बाहेरच्या पट्ट्याची. ओझे पडताच खालून जड ठकठक उठली, तर बेअरिंगची शंका घ्यावी व गाडी तिथेच थांबवावी. आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताच दोन-चार सेकंद, डब्यात साखळी हलवावी तशी खडखड होऊन थांबली, तर ती टायमिंग चेनची हाक समजावी.

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी घडवून व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणे, हे या चेनचे काम. मिस्त्री म्हणतात, 'चेन ताणली.' खरे तर ती झिजलेली असते. प्रत्येक सांध्यात केसभर सैलपणा येतो आणि सगळ्यांची बेरीज चेन लांबवते. हा सैलपणा टेन्शनर सावरतो. पुष्कळ गाड्यांत तो ऑईलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑईल खाली उतरते, म्हणून खडखड सकाळची. दाब आला की आवाज थांबतो, रोग राहतो.

पट्टा बदलावा लागतो, चेन मात्र जन्माची सोबतीण, अशी समजूत आहे. २००७ साली स्विफ्टमध्ये आलेल्या फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनातही चेनच आहे. परंतु ऑईल वेळच्या वेळी न बदलल्यास तीही झिजते.

म्हणून प्रथम ऑईलची पातळी पाहावी. मग मिस्त्रीकडून बाहेरचा पट्टा काढून इंजिन काही सेकंद चालवावे. आवाज गेला, तर दोष बाहेरचा. स्कॅनरवर 'पी००१६' उमटले, तर क्रँक व कॅम यांचा मेळ बिघडला आहे. त्याला इतर कारणेही असतात, पण खडखड सोबत असेल तर चेनवरचा संशय बळावतो. अशी चेन दात चुकली की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

रोजचा आवाज कानाला ऐकू येईनासा होतो. तेव्हा वाचकहो, उद्या सकाळी रेडिओ बंद ठेवून, काच खाली करून गाडी सुरू करा, आणि पहिल्याच आवाजाला त्याचे नेमके नाव द्या. अर्धे निदान तिथेच होईल.