हजेरी लागली, पुढे काय?

मनिलात राहायला आल्यापासून माझ्यातल्या बाई इथल्या शाळांकडे लक्ष ठेवून असतात. गरीब घरांसाठी सरकारची ‘पांताविद’ नावाची योजना आहे. ती २००८ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये तिचा कायदा झाला. मुलांची हजेरी किमान ८५ टक्के हवी, आरोग्य तपासणी वेळेवर हवी. मगच पैसे मिळतात, तेही बहुधा आईच्या हाती.

योजना मला पटते. मुलाला कामाला धाडावं की शाळेत, ही आईची ओढाताण त्यानं कमी होते. पण हजेरी म्हणजे शिक्षण नव्हे. २०१८ च्या ‘पिसा’ चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांच्या वाचनात फिलिपिन्स सर्वांत खाली होता. वर्ग गच्च भरलेले, आणि कितीतरी शिक्षिका जास्त पगारासाठी परदेशी गेलेल्या. काही तर हाँगकाँगमध्ये घरकाम करतात. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर इथली घरं चालतात, म्हणून त्यांना नावं कशी ठेवावी? आपणही पोटासाठीच घर सोडलं.

मुलं वर्गात आणायला पैसा लागला, तसा बाईंना वर्गात टिकवायलाही लागणारच. तो खर्च मात्र सरकारला अजून जड वाटतो.